‘स्थानिकांना रोजगार’ या सूत्राची चिकित्सा : रायगड किनाऱ्यावरील ग्रामीण पर्यटनाच्या संदर्भात

प्रस्तावना

ग्रामीण पर्यटनाविषयी मराठीत गेल्या दोन-तीन दशकांत जे लेखन झाले, त्यात एक वाक्य जवळजवळ अपरिहार्यपणे येते. ‘पर्यटनामुळे स्थानिकांना रोजगार मिळतो’ हे ते वाक्य होय. शासकीय धोरणांच्या मसुद्यांत ते असते, विकास आराखड्यांच्या पहिल्या पानावर असते आणि महाविद्यालयीन शोधनिबंधांच्या निष्कर्षांत तर ते हमखास असते. हे वाक्य खोटे आहे असे प्रस्तुत लेखकास म्हणावयाचे नाही. ते इतके निर्विवाद मानले गेले की त्यातील ‘स्थानिक’ म्हणजे कोण आणि ‘रोजगार’ म्हणजे नेमके काय, हे विचारण्याची गरजच कोणास वाटेनाशी झाली, ही खरी तक्रार आहे.

रायगडच्या किनाऱ्याकडे पाहताना ही गरज तीव्रतेने जाणवते. उरण तालुक्यातील घारापुरी बेटापासून श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरापर्यंतचा हा किनारा मुंबई व पुणे या दोन महानगरांच्या छायेत आहे. सुटीच्या दिवशी महानगर येथे येते आणि सोमवारी सकाळी परत जाते. मागे काय उरते, हा प्रश्न अर्थशास्त्राचा तर आहेच, तो नीतीचाही आहे. शाश्वत व नैतिक पर्यटनाची कसोटी रोजगाराच्या संख्येत शोधता येत नाही. गावाकडे यजमानपण उरले की नाही, यात ती शोधावी लागते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. यजमानपण याचा अर्थ जागा आपली असणे, पाहुणे किती व केव्हा यावेत हे ठरविता येणे, आणि पाहुणा न आला तरी घर चालणे.

संकल्पनेच्या मुळाशी असलेली उणीव

ब्रुन्टलँड आयोगाचा अहवाल १९८७ साली प्रसिद्ध झाला आणि ‘शाश्वत विकास’ ही संज्ञा सर्वत्र रुळली. पर्यटनक्षेत्राने ती यथावकाश उचलली. जागतिक पर्यटन संघटनेने १९९९ साली सान्तियागो येथे पर्यटनाची जागतिक नीतिसंहिता स्वीकारली. तिच्या पाचव्या अनुच्छेदात यजमान समाजाला आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक लाभांत न्याय्य वाटा मिळावा, असे तत्त्व मांडले आहे. तत्त्व उदात्त आहे. मात्र त्या वाट्याचे विशेष उदाहरण म्हणून संहिता ज्याकडे बोट दाखविते, ते प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष नोकऱ्यांचे आहे. म्हणजे नीतिसंहितेच्या पातळीवरच लाभाचे रूपांतर नोकरीत होण्यास प्रारंभ झाला. पुढे ती कल्पना खाली झिरपत जिल्हा आराखड्यापर्यंत पोहोचली, तेव्हा ‘न्याय्य वाटा’ गळून गेला आणि ‘रोजगारनिर्मिती’ तेवढी शिल्लक राहिली.

भूगोलाच्या अभ्यासकांना परिचित असलेले बटलर यांचे १९८० सालचे पर्यटनस्थळाच्या जीवनचक्राचे प्रारूप येथे उपयोगी पडते. शोध, सहभाग, विकास, दृढीकरण, कुंठितावस्था आणि त्यानंतर ऱ्हास अथवा पुनरुज्जीवन असे हे टप्पे आहेत. आपल्याकडील लेखनात या प्रारूपाचा उल्लेख पुष्कळदा होतो, पण तो आलेखापुरता. बटलर यांच्या मांडणीतील महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. ‘सहभाग’ या टप्प्यात स्थानिक कुटुंबे स्वतः पाहुण्यांची सोय करतात. ‘विकास’ या टप्प्यात पाहुणे वाढतात आणि त्याच वेळी स्थानिकांच्या हातातील नियंत्रण झपाट्याने घटते. आपण ज्याला विकास म्हणून साजरा करतो, तोच यजमानपण सुटण्याचा क्षण असतो. रायगड किनाऱ्यावर हे दोन्ही टप्पे एकाच वेळी, अवघ्या काही तासांच्या अंतरावर पाहावयास मिळतात. अलिबाग-किहीमच्या पट्ट्यात तर ‘सहभाग’ हा टप्पा जवळजवळ वगळूनच ‘विकास’ अवतरला.

घारापुरी : जागतिक वारसा आणि अंधार

घारापुरीची लेणी १९८७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. मुंबईला येणारा परदेशी पाहुणा गेटवेवरून होडीत बसून हमखास जेथे जातो, ते हे बेट. प्रशासकीयदृष्ट्या ते रायगड जिल्ह्यात आहे आणि तेथे शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. या वस्त्यांना कायमस्वरूपी वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्रतळातून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकल्यानंतर. तोपर्यंत सायंकाळचे काही तास जनित्रावर दिवे लागत.

जागतिक वारशाचा मान आणि विजेचा दिवा यांच्यात एकतीस वर्षांचे अंतर पडले. या एकतीस वर्षांत घारापुरीच्या ग्रामस्थांना पर्यटनातून रोजगार नव्हता काय? होता. पायऱ्यांच्या दुतर्फा दुकाने होती, खाद्यपदार्थांची विक्री होती, वाटाड्यांची कामे होती. ‘स्थानिकांना रोजगार मिळतो’ हे वाक्य घारापुरीच्या बाबतीत तेव्हाही शब्दशः खरे होते. तरीही शेवटची होडी परतली की बेट अंधारात जात असे. पर्यटक दिवसा येतो आणि दिवसाच परततो, म्हणून पर्यटनव्यवस्थेला रात्रीची गरज नव्हती; रात्र ही केवळ रहिवाशांची गरज होती. पर्यटनासाठी केलेल्या सुविधा आपोआप ग्रामस्थांच्याही उपयोगी पडतात, हे गृहीतक तपासण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच आढळेल.

दिवेआगर : वाडी, सुवर्णगणेश आणि वादळ

दिवेआगरचा अनुभव अधिक गुंतागुंतीचा आणि म्हणूनच अधिक उद्बोधक आहे. येथील जीवनाचा आधार वाडी हा होय. नारळ-सुपारीची दाट लागवड, मध्ये जायफळ, मिरी, केळी. विहीर आणि पाट. वाडीच्या कडेला घर. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे आणि कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही श्रीवर्धन येथेच आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिवेआगर येथे एका वाडीत काम चालू असताना तांब्याच्या पेटीत गणेशाचा सोन्याचा मुखवटा सापडला. मंदिर प्रसिद्धीस आले, भाविकांची रीघ लागली आणि वाडीतल्या घरांच्या दारांवर ‘राहण्याची व जेवणाची घरगुती सोय’ अशा पाट्या दिसू लागल्या. बटलर यांचा ‘सहभाग’ हा टप्पा येथे कोणत्याही शासकीय योजनेवाचून साकार झाला, हे लक्षणीय आहे.

मार्च २०१२ मध्ये मंदिरावर दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांची हत्या झाली आणि मुखवटा चोरीस गेला. दरोडेखोरांना पुढे शिक्षा झाल्या. परत मिळालेल्या सोन्यातून घडविलेल्या मुखवट्याची प्रतिष्ठापना नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. मधल्या काळात गर्दी ओसरल्याच्या बातम्या वेळोवेळी येत राहिल्या. तरीही दिवेआगर मोडून पडले नाही. याचे कारण पर्यटनशास्त्राच्या परिभाषेत सांगण्यापेक्षा साध्या शब्दांत सांगणे बरे : सुपारी होती. खोल्या रिकाम्या राहिल्या तरी वाडीचे उत्पन्न चालू होते. पाहुण्यांचा पैसा हा वरचा पैसा होता. त्या पैशाने घराला नवे कौल आले असेल, मुलांचे शिक्षण झाले असेल. पण रोजची चूल त्यावर अवलंबून नव्हती. पर्यटन हा जोडधंदा असेल तोवर गाव त्याला पेलू शकते, असा या अनुभवाचा अर्थ आहे.

या अर्थाची दुसरी, अधिक क्रूर बाजू ३ जून २०२० रोजी पुढे आली. निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग, म्हसळा या तालुक्यांतील वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. टाळेबंदीमुळे मार्च महिन्यापासून पाहुणे बंद होतेच. आता मुख्य आधारही कोसळला. सुपारीचे झाड लावल्यापासून पूर्ण उत्पन्नावर येण्यास सहा-सात वर्षे सहज लागतात. नारळाची गोष्ट फारशी वेगळी नाही.

नुकसानभरपाईचा प्रश्न येथे विचारात घेणे भाग आहे, कारण धोरणकर्त्यांना वाडी कशी दिसते हे त्यावरून कळते. फळबागांसाठीची मदत प्रारंभी हेक्टरी दराने ठरली आणि तो दर वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये करण्यात आला. परंतु किनाऱ्यावरील वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात. दहा गुंठ्यांच्या वाडीला हेक्टरी दराने पाच हजार रुपये येतात. तेवढ्यात पडलेली झाडे तोडून उचलण्याचाही खर्च भागत नाही. ओरड झाल्यावर झाडागणिक मदतीचा निर्णय झाला : नारळाच्या झाडास २५० रुपये आणि सुपारीच्या झाडास ५० रुपये. वाडीची सावली विकूनच ज्या किनाऱ्याचे पर्यटन चालते, त्या किनाऱ्यावर सुपारीच्या एका झाडाची ही किंमत! पर्यटक ज्या निसर्गरम्यतेसाठी येतो ती निसर्गाने दिलेली नसून कोणीतरी विहिरीचे पाणी पाटाने खेळवून पिढ्यान्‌पिढ्या राखलेली असते, ही जाणीव आपल्या पर्यटन धोरणात कोठेही नाही. पर्यटन खाते पर्यटकांसाठी रस्ते व सुशोभीकरण पाहते आणि कृषी खाते उत्पादन पाहते. वाडी दोहोंच्या मध्ये पडते.

जोडधंदा म्हणून जे पर्यटन टिकाऊ होते, तेच वाडी गेल्यावर एकमेव धंदा बनते आणि त्या क्षणी त्याचे स्वरूप पालटते. झाडे पुन्हा लावून सात वर्षे थांबण्याऐवजी रिकाम्या जागेत आणखी चार खोल्या बांधाव्यात, असा मोह वाडीमालकास पडला तर त्यास दोष कसा द्यावा? मात्र खोल्या वाढल्या म्हणजे पाण्याचा उपसा वाढतो. किनाऱ्यालगतच्या वाळूत गोडे पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या पातळ थराच्या रूपात असते. उपसा प्रमाणाबाहेर गेला की खालचे खारे पाणी वर चढते. एका दारचा तरणतलाव शेजारच्या विहिरीला खारट करू शकतो, आणि खारट पाण्यावर सुपारी जगत नाही. शाश्वततेची चर्चा आपण प्लास्टिकच्या पिशव्यांपाशी सुरू करतो व तेथेच संपवितो. ती विहिरीपाशी सुरू व्हावयास हवी.

‘स्थानिक’ कोण?

दिवेआगरच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. घरगुती निवास चालविण्यास घर लागते, वाडी लागते, आणि पाहुणा निःशंकपणे जेवेल असे स्वयंपाकघर लागते. ज्याच्याकडे या तिन्ही गोष्टी आहेत तोच यजमान होऊ शकतो. रायगडच्या किनारी व लगतच्या गावांत आगरी, कोळी, माळी, कुणबी, ब्राह्मण, मुसलमान, भंडारी, बौद्ध अशा अनेक समाजांची वस्ती आहे आणि डोंगरउतारावर कातकरी पाडे आहेत. कातकरी कुटुंबे वर्षाचे कित्येक महिने वीटभट्ट्यांवर काढतात. ‘स्थानिकांना लाभ’ असे एकवचनी विधान करताना यांपैकी कोण अभिप्रेत असतो? वाडीवाल्याला खोलीचे भाडे मिळते, कोळणीला मासळीचा थोडा चढा भाव मिळतो, आणि कातकरी तरुणाला मे महिन्यात भांडी घासण्याची मजुरी मिळते. या तिन्ही गोष्टींना ‘रोजगार’ हे एकच नाव दिल्याने त्यांतील अंतर झाकले जाते.

महाराष्ट्र शासनाचे २०२० सालचे कृषी पर्यटन धोरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. कृषी पर्यटन केंद्रासाठी किमान एक एकर क्षेत्राची अट त्यात आहे. देशावरच्या शेतीचा विचार करता एक एकर ही माफक अपेक्षा वाटते. परंतु एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, आणि किनाऱ्यावर पंधरा-वीस गुंठ्यांची वाडी असलेले कुटुंब हे पूर्ण अर्थाने शेतकरी कुटुंब असते. धोरण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ऊस-द्राक्षांचा पट्टा असावा, कोकण नसावे, असा निष्कर्ष काढल्यावाचून राहवत नाही. भूमिहीनांचा तर या चौकटीत प्रवेशच नाही.

स्त्रियांच्या श्रमाचा प्रश्न याच प्रकरणात येतो. घरगुती निवासाची सारी कीर्ती ज्यावर उभी आहे ते उकडीचे मोदक, सोलकढी आणि तांदळाची भाकरी हे कोणाच्या हातचे असते, हे सांगावयास नको. पाहुणा शनिवारी दुपारी येतो. त्याची तयारी गुरुवारपासून सुरू होते. पण सातबारा पुरुषाच्या नावावर, म्हणून नोंदणी पुरुषाच्या नावावर आणि म्हणून पाटीवरही नाव पुरुषाचेच. हिशेबात स्त्रीचे काम ‘घरकाम’ राहते. २०२३ साली शासनाने ‘आई’ हे महिलाकेंद्रित पर्यटन धोरण स्वीकारले व स्त्रियांच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायांसाठी कर्जावरील व्याजाच्या परताव्याची तरतूद केली. दिशा योग्य आहे, यात शंका नाही. परंतु मालकी कागदावर आणून योजना घ्यावयाची की प्रत्यक्षात, हे घराघरांत ठरणार आहे. तुलनेसाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतील उदाहरण पाहावे. तेथे स्वामिनी महिला बचत गटाच्या स्त्रिया स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवनाची फेरी घडवितात. यासाठी सातबारा लागला नाही; खाडीची माहिती व वल्ह्याचे कौशल्य लागले. भूमिहीनांना यजमानपण देणारे पर्यटन शक्य आहे काय, या प्रश्नाचे एक उत्तर तेथे मिळते. श्रीवर्धन तालुक्यात काळिंजे येथेही कांदळवनाच्या आधाराने असा प्रयत्न झालेला आहे.

जमिनीचा प्रश्न

अलिबाग तालुक्यातील जमिनीविषयी लिहिताना चरीच्या संपाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे चरी व परिसरातील गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसण्यास नकार दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. कूळ कायदे झाले, १९४९ साली खोती निर्मूलनाचा कायदा झाला आणि कसणाऱ्याच्या नावावर जमीन होऊ लागली. शेतकऱ्यांचा इतका दीर्घ संप देशाच्या इतिहासात विरळाच.

ज्या तालुक्याने जमिनीसाठी सहा वर्षे उपासमार सोसली, त्याच तालुक्यातील भातखाचरे व किनाऱ्यालगतच्या वाड्या नंतरच्या दशकांत महानगरातील धनिकांच्या ‘दुसऱ्या घरां’साठी विकल्या गेल्या. मांडव्याची जलवाहतूक पूर्वीपासून होतीच; २०२० साली भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी वाहून नेणारी रो-रो सेवा सुरू झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा हा अटल सेतू खुला झाला. अंतर कमी झाले की जमिनीचा भाव वाढतो. भाव वाढणे हादेखील स्थानिकांचा लाभच नव्हे काय, असा प्रतिवाद केला जातो. विकणाऱ्याच्या दृष्टीने तो लाभ खराच आहे, पण तो एकदाच होतो. आणि न विकणाऱ्या शेजाऱ्याच्या दृष्टीने तो संकट असतो, कारण त्याच्या मुलास आता स्वतःच्या गावात घरापुरती जागा घेणे परवडत नाही. ज्याने जमीन विकली तो पुष्कळदा त्याच बंगल्याचा राखणदार म्हणून राहतो. आकडेवारीत ही ‘रोजगारनिर्मिती’ म्हणून नोंदली जाते.

सागरी नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ साली निघाली. तिची पायमल्ली करून उभे राहिलेले बंगले हा दीर्घकाळ न्यायालयीन विषय राहिला. किहीम येथील एका फरारी हिरे व्यापाऱ्याचा अवैध बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला, तेव्हा प्रसारमाध्यमांनी ते दृश्य कौतुकाने दाखविले. परंतु नियमन म्हणजे केवळ पाडापाडी नव्हे. २०१९ सालच्या सुधारित अधिसूचनेत फारशी चर्चिली न गेलेली एक तरतूद आहे : मच्छीमारांसह स्थानिक समाजाने आपल्या अस्तित्वात असलेल्या घरांत, जोत्याचे क्षेत्र, रचना अथवा दर्शनी भाग न बदलता, पर्यटकांची घरगुती निवासव्यवस्था करावी. प्रस्तुत लेखकाच्या मते ग्रामीण पर्यटनाची याहून नेमकी कायदेशीर व्याख्या आपल्याकडे नाही. घर तेच, माणसे तीच, पाहुणा तेवढा नवा. खेदाची गोष्ट अशी की त्याच अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनारी भागात ना-विकास क्षेत्राची मर्यादा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणून मोठ्या बांधकामांनाही वाट करून दिली आहे.

शिडाची होडी आणि कासवाचे अंडे

याउलट यजमानपण टिकवून धरणारी उदाहरणेही आहेत, आणि ती कोणत्याही आराखड्यातून आलेली नाहीत. मुरूडजवळच्या राजपुरी गावातून जंजिरा किल्ल्यावर जाणारा पर्यटक शिडाच्या होडीत बसतो. ही वाहतूक स्थानिक होडीवाल्यांच्या सहकारी संस्थांच्या हाती राहिली आहे. वारा, भरती-ओहोटी आणि किल्ल्याच्या दरवाजाशी उतरण्याची अवघड जागा यांचे ज्ञान हे त्यांचे भांडवल आहे. पावसाळ्यात समुद्र खवळला की होड्या बंद होतात व किल्लाही पर्यटकांस बंद होतो. पर्यटनशास्त्राचा विद्यार्थी याला ‘हंगामीपणाची समस्या’ म्हणेल. किल्ल्याला आणि समुद्राला मिळणारी ती विश्रांती आहे, असेही म्हणता येईल.

येथे भाबडेपणा मात्र टाळावयास हवा. होडीत गर्दी किती असावी, जीवरक्षक जाकिटे खरोखर घातली जातात काय, हे प्रश्न सहकाराच्या नावाने सुटत नाहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्या दुर्घटनेत किनारा ओळखणाऱ्या माणसाचा शब्द पाहुण्यांपर्यंत पोहोचण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती, हा मुद्दा आपणा अध्यापकांच्या विशेष विचाराचा आहे. ‘येथे पाण्यात उतरू नका’ असे सांगण्याचा आणि ते पाळले जाण्याचा अधिकार हाही यजमानपणाचाच भाग होय.

सावित्रीच्या मुखाशी हरिहरेश्वरासमोर, खाडीपलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे गाव आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तेथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले आणि काही वर्षांनी कासव महोत्सव भरू लागला. अंडी पूर्वी खाण्यासाठी वा विक्रीसाठी उचलली जात. पुढे तीच घरटी राखणे हे गावाचे काम झाले आणि पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांची सोय घराघरांतून होऊ लागली. वेळासचे वैशिष्ट्य केवळ संवर्धनात नाही. तेथे पाहुण्याचे वेळापत्रक कासव ठरविते. अंडी उबण्यास सुमारे पन्नास दिवस लागतात. पिल्ले कोणत्या सकाळी बाहेर येतील याची हमी नाही. महोत्सवाचा काळ साधारण फेब्रुवारी-मार्च ते एप्रिल एवढाच. पाहुण्याच्या सोयीसाठी पिल्ले टोपलीत दाबून ठेवावीत आणि बस आल्यावर सोडावीत, असा मोह कोणत्याही ‘विकसित’ पर्यटनस्थळास होईल. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॅकॅनेल यांनी पर्यटकांसाठी रचलेल्या अस्सलपणाविषयी १९७३ साली जे लिहिले, त्याची परीक्षा वेळासच्या वाळूवर रोज सकाळी होत असते. आता रायगडमध्ये हरिहरेश्वर, मारळ, दिवेआगर येथेही घरटी संरक्षित केली जातात. तेथेही महोत्सव भरवावेत, अशी मागणी ऐकू येते. महोत्सवाचे अनुकरण सोपे आहे. ‘आज पिल्ले नाहीत, उद्या या’ असे पाहुण्यास सांगण्याचे धैर्य अनुकरणाने येत नाही.

आपल्या संशोधनाविषयी

शेवटी एक मुद्दा आपल्याच घरचा. वाणिज्य, भूगोल व अर्थशास्त्र या विभागांतून कोकणातील ‘पर्यटनक्षमते’वर असंख्य निबंध सादर होतात. त्यांची रीत ठरलेली आहे : स्थळाची ओळख, शंभर पर्यटकांची प्रश्नावली, समाधानाची टक्केवारी, बलस्थाने व उणिवा, आणि ‘शासनाने लक्ष द्यावे’ ही शिफारस. माहिती देणारा बहुधा पुळणीवर भेटलेला पर्यटक असतो, फार तर हॉटेलचा व्यवस्थापक. भाकरी थापणारी स्त्री, राखणदार झालेला जुना मालक, मे महिन्यापुरता आलेला कातकरी मजूर हे नमुन्यात येत नाहीत, कारण त्यांना प्रश्नावली भरण्यास सवड नसते. मग निष्कर्षात ‘स्थानिकांना रोजगार मिळतो’ हे वाक्य येते, ते स्थानिकांना न विचारताच.

२०२५ साली रायगडमधील श्रीवर्धन व नागाव या किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन लाभले. पाण्याची गुणवत्ता, पर्यावरण शिक्षण, किनारा व्यवस्थापन, सुरक्षितता व सेवा हे त्याचे निकष आहेत. ही समाधानाची बाब असून ती टिकविण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांना कष्ट पडणार आहेत. मात्र त्या निकषांत किनाऱ्यामागच्या वाडीचा मालक कोण, हा प्रश्न नाही, आणि मानांकन देणाऱ्यांचे ते कामही नव्हे. ते काम आपल्या विभागांचे आहे. एखाद्या महाविद्यालयाने श्रीवर्धन अथवा नागाव येथील पन्नास घरे निवडून दहा वर्षांच्या अंतराने दोनदा पाहणी करावी : सातबारा कोणाच्या नावावर राहिला, खोल्या किती वाढल्या, सुपारीची झाडे किती उरली, पाहुण्यांचे पैसे घरात कोणाच्या हाती येतात, आणि एप्रिल अखेरीस विहिरीचे पाणी पिण्याजोगे असते काय. सर्व विभागांचे विद्यार्थी सहलीच्या निमित्ताने त्या गावांत दरवर्षी जातातच; बस ठरलेली असते, मुक्काम ठरलेला असतो. प्रश्नावलीची पाने तेवढी बदलावी लागतील.